काकाची चूक कोणी काढायला सांगितली होती?

दुपारी पेन ड्राइव्ह हातात पडला, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

१९८६ च्या गणेशचवथीची घरची कॅसेट होती, ती फाइल करून घ्यायला स्टुडिओत दिली होती. त्या वर्षी ५ जुलैला मांडवी नदीवरचा पूल कोसळला आणि पलीकडचा अख्खा बार्देश तालुका पुन्हा फेरीबोटीला लागला. काका पणजीत नोकरीला. बेतीच्या धक्क्यावर रोज ताटकळताना त्याने एक मराठी गाणं रचलं, चालही स्वतःच लावली. चवथीला आरत्या आटोपल्या, घुमट-शामेळं ही वाद्यं बाजूला ठेवली आणि तो पेटी ओढून बसला. समोर टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र. दुसऱ्या कडव्यात अडला. ‘पूल गेला, हाक मार त्या...’ पुढचा शब्दच आठवेना. चार-पाच सेकंद नुसता पाऊस. मग आतून, चुलीपाशी बसलेली आजी ओरडली, ‘तारयाक मरे, तारयाक!’ म्हणजे नावाड्याला. सगळं घर हसलं आणि काकाने ते कडवं दुप्पट जोरात म्हटलं.

आज मिळालेल्या फाइलमध्ये काका अडतच नाही. पाऊस नाही, हसणं नाही, आजी नाही. स्टुडिओतला मुलगा खुशीत म्हणाला, ‘तेवढी चूक काढून टाकली, आता कळतसुद्धा नाही.’

अरे, कोणी सांगितलं होतं काढायला?

पुरुषमाणसं बसलेली असताना आजी कधी मोठ्याने बोलली नव्हती. काकाचं गाणं तिला पाठ आहे हे तोवर आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. कधी ऐकलं असेल तिने? तांदूळ निवडताना? तिचा आवाज दुसरीकडे कुठेच भरलेला नाही, आणि तोच ‘चूक’ म्हणून गेला.

माझ्या घरी येऊन गेलेल्या प्रत्येकाने अमेरिकन गायिका ॲनी डिफ्रँकोचा ‘लिव्हिंग इन क्लिप’ ऐकलेला आहे. बोटीवर असलेल्या मित्राने आणून दिलेल्या त्या दोन सीडी. बफेलो शहरातली ही बाई १९९० पासून स्वतःच्याच ‘रायचस बेब’ या लेबलवर गाणी काढते, मोठ्या कंपन्यांना तिने दाद दिली नाही. १९९७ चा हा लाइव्ह अल्बम. गिटार तिची, ड्रमवर अँडी स्टोचान्स्की, बासवर सारा ली. नावातला ‘क्लिप’ म्हणजे आवाज इतका वर जाणं की यंत्राला पेलत नाही, आपण ज्याला आवाज फाटला म्हणतो ते. ती मध्येच बोलते, हसते, लोक ओरडतात, आणि ते सगळं तिने ठेवलं. वरती कोणी साहेब नव्हता, ‘हे काढ’ म्हणायला. मैफली अनेक होत्या आणि त्यातून तिने निवड केली, हे मान्य. पण निवडणं वेगळं आणि पुसणं वेगळं.

आणि आपल्याला हे बफेलोवरून शिकायला नको. शिवोलीच्या गायक रेमो फर्नांडिसने १९८४ साली घरीच, फोर-ट्रॅकवर (चार आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या टेपयंत्रावर), वाद्यंही स्वतः वाजवून ‘गोवन क्रेझी’ केली आणि स्कूटरवरून हिंडून कॅसेटी विकल्या. ती लाइव्ह नव्हती, पण एकट्या माणसाने आपलं गाणं आपल्या हातात ठेवणं म्हणजे काय, ते गोव्यात सगळ्यांनी बघितलं. काकानेही बघितलं होतं. त्याच्याकडे फोर-ट्रॅक नव्हता, टू-इन-वन होता. त्याचा लाइव्ह अल्बम म्हणाल तर ही एकच कॅसेट, ‘ए’ बाजू आरत्या, ‘बी’ बाजू तो.

हो, खरखर गेली. पेटी कधी नव्हे इतकी स्वच्छ ऐकू येते. तेवढं चांगलं झालं.

पण ती चार-पाच सेकंदं! ती नसतील तर पुढच्या कडव्यात काका एवढा का चढतो, हे ऐकणाऱ्याला कसं कळणार? त्याच्या आईने विसरलेला शब्द पुरवला म्हणून चढतो तो. आता नुसताच ओरडल्यासारखा वाटतो.

संध्याकाळी स्टुडिओत पुन्हा फोन केला. चांगलं सुनावणार होतो. मुलगा आधी गप्प झाला, मग म्हणाला, ‘मला वाटलं मागे कोणीतरी मध्येच बोलतंय.’ दोन रात्री बसला होता म्हणे, जास्तीचे पैसेही घेतले नव्हते. पुढे काही बोलवेना. सांगायला हवं होतं मी, कोण बोलतंय ते. त्याची मूळ फाइल उडालीय, पण कॅसेट शाबूत आहे. उद्या आणतो.

काकाला अजून कळवलेलं नाही. कॅसेट देताना त्याने एवढंच विचारलं होतं, ‘आई येता मरे तातूंत?’

पणजी-म्हापसा भागात कोणाकडे चालू स्थितीतला कॅसेट डेक असेल तर कृपा करून सांगा. साफ काही करायचं नाही. ‘बी’ बाजू लावायची आणि आहे तशी भरून घ्यायची, पावसासकट.