एका गोळीत सगळे जंत जातात?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: “जंतांवर अल्बेंडाझोलची एक गोळी पुरते. नव्या औषधांच्या चाचण्या हा कंपन्यांचा धंदा. त्यात गरीब देशांतल्या माणसांना जनावरांची औषधं देऊन बघतात.”

एक गोळी पुरते, पण सगळ्या जंतांना नाही. 400 मिलिग्रॅमच्या एका मात्रेने गोलकृमी शंभरातल्या नव्वदाहून अधिक जणांच्या पोटातून जातात, अंकुशकृमी साधारण ऐंशी जणांच्या. चाबूककृमी मात्र जेमतेम तीस जणांच्या. तो आपलं केसासारखं बारीक टोक मोठ्या आतड्याच्या अस्तरात खुपसून बसलेला असतो. मुलाच्या शौचातून जंत पडले की घरचे निश्चिंत होतात, पण ते बहुधा गोलकृमी असतात. म्हणून चाचणीत डोळ्यांवर भिस्त ठेवत नाहीत. औषधानंतर दोन-तीन आठवड्यांनी शौचाचा सुमारे 42 मिलिग्रॅमचा नमुना काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजतात आणि आकड्याला 24 ने गुणतात, म्हणजे एका ग्रॅममधली अंडी कळतात. अंकुशकृमीची अंडी तर तासाभरात काचेवर दिसेनाशी होतात, त्यामुळे मोजणाऱ्याला घाईच असते.

याच मोजणीने 2022 साली डोळे उघडले. अल्बेंडाझोलला आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकाची जोड दिल्यावर चाबूककृमीतून लाओसमध्ये 66 टक्के लोक बरे झाले, टांझानियाच्या पेम्बा बेटावर 49 टक्के, आणि आयव्हरी कोस्टमध्ये फक्त 14. पुढे कळलं की तिथला कृमी दिसायला तसाच, पण जात निराळी. एकाच देशात चाचणी करून थांबले असते तर हे कळलंच नसतं.

धंद्याचं म्हणाल, तर हा आजार ज्यांना होतो त्यांच्याकडे औषधाला पैसे नसतात. शाळकरी मुलांसाठी अल्बेंडाझोल जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देणगी म्हणून येतं. नफा नाही म्हणूनच नवी औषधं इतकी कमी आहेत, आणि मला राग येतो तो याचा.

राहिली जनावरांची गोष्ट. अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन दोन्ही आधी जनावरांनाच दिली जात. त्या दोन्ही गटांतल्या औषधांना मेंढ्यांचे जंत आज अनेक ठिकाणी दाद देत नाहीत. माणसांतही तसं झालं तर हाताशी दुसरं काय? मांजरांच्या जंतांवरचं इमोडेप्साइड हे औषध पेम्बावर माणसांत तपासलं, तेव्हा 5 मिलिग्रॅममध्ये चाबूककृमीचे 85 टक्के रुग्ण बरे झाले, अल्बेंडाझोलने 17, आणि औषध नसलेल्या गोळीनेही 10 टक्के ‘बरे’ दिसले. तुलनेचा गट ठेवावा लागतो तो या दहा टक्क्यांसाठी.