ठिपका, रेघ आणि नखाएवढा तुकडा

ताई, नमस्कार. तुमचं म्हणणं असं की, प्रकाशाने प्लास्टिक ओळखणाऱ्या यंत्राचं लेखात कौतुक करताना मी कचरावेचक बायांच्या हातातली जाण विसरलो, आणि काळं प्लास्टिक त्या यंत्राला दिसत नाही हेही सांगितलं नाही.

काळ्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. यंत्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून प्लास्टिक ओळखतं; काळ्या रंगातली काजळी तो प्रकाश गिळून टाकते, परत काहीच येत नाही. पट्ट्यावर डबा असूनही यंत्राला तिथे काहीच सापडत नाही. हे लिहायला हवं होतं, राहून गेलं.

हाताची जाण मी जवळून पाहिली आहे. भंगाराच्या एका गोदामात एक मावशी बाटली उलटी करून बूड बघायच्या: मधोमध ठिपका असला तर पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), आडवी रेघ असली तर पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक). तरी शंका राहिली तर दुमडायच्या, पीव्हीसीवर पांढरा वळ उठतो. एवढ्यानेही नाही भागलं तर लायटर लावून धूर हुंगायच्या. तो धूर घशाला झोंबतो, त्यात आम्ल असतं. ही शेवटची पारख मात्र कोणाच्याही वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि बाटली एकदा क्रशरमधून, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्रातून, निघाली की ना ठिपका उरतो ना रेघ. नखाएवढे पारदर्शक तुकडे, सगळे सारखे. पाण्यात टाकले तर पीपी, एचडी ही झाकणा-डब्यांची प्लास्टिकं वर तरंगतात, पण पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात. पेट वितळवायला 260 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. त्याआधीच पीव्हीसी फुटून आम्ल सोडतं आणि माल पिवळा पडतो. दहा हजारांत पीव्हीसीचा एक तुकडासुद्धा नडतो. इथे प्रकाशच लागतो. पेट 1660 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, पीव्हीसीची खूण वेगळ्या जागी पडते. ती दिसली की हवेचा झोत तो तुकडा बाजूला उडवतो.

पण अंगभर लेबल चढवलेली बाटली आली तर यंत्र लेबलच वाचतं. ते आधी काढावं लागतं, घाण माल निवडावा लागतो; तिथे त्याच बाया हव्यात. पोटावर पाय येईल ही तुमची भीती खरी आहे, म्हणून यंत्र कोणाच्या मालकीचं हा प्रश्न मला मोठा वाटतो. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे. अशा संस्थेच्या हाती यंत्र आलं तर पारखलेल्या मालाचा वाढीव भाव त्यांच्याच घरी जाईल.

लेखातलं ‘सगळं प्लास्टिक ओळखतं’ हे वाक्य आज बदललं आहे.