नारिंगी पट्टीची प्रदक्षिणा

धरणाच्या काठी फिरायला जायचे म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांपुढे खडकवासला उभे राहते आणि त्यापाठोपाठ भाजलेले कणीस, कांदाभजी व परतीच्या वाटेवरची वाहनांची रांग. त्यामुळे बॉस्टनला शिकणारा पुतण्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी म्हणाला, "काका, जवळच जलाशय आहेत, वळसा घालून येऊ," तेव्हा मी निव्वळ भज्यांच्या भरवशावर होकार दिला.

जागेचे नाव मिडलसेक्स फेल्स. शहराच्या उत्तरेला अडीच हजार एकरांहून मोठे जंगल, त्यात विंचेस्टर गावाला पाणी पुरवणारे तीन जलाशय आणि त्या तिघांना वेढणारी साडेपाच मैलांची, म्हणजे सुमारे ९ किलोमीटरची पायवाट. जिथून निघायचे तिथेच परत येण्यासाठी इतके चालण्यात काय हशील, असे मी विचारले. त्यावर, "पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढून तुम्ही तरी कुठे पोचता?" असा प्रतिप्रश्न करून सौभाग्यवतींनी स्वतः विणलेली भगवी कानटोपी माझ्या डोक्यावर चढवली. शिवाय ही प्रदक्षिणाच असल्याने पाणी उजव्या हाताला ठेवायचे, हेही त्यांनी ठरवून टाकले.

शीपफोल्ड, म्हणजे मेंढवाडा, नावाच्या वाहनतळावरून आम्ही निघालो. तिथे मेंढी एकही नव्हती, कुत्री मात्र पंगत बसवावी इतकी होती. पुतण्याने नियम सांगितला : झाडाच्या बुंध्यावर नारिंगी पट्टी दिसली की वाट बरोबर, एकावर एक दोन दिसल्या की वळण. नियम सोपा होता. अडचण एवढीच होती, की ऑक्टोबरात त्या जंगलात नारिंगी नाही असे काही उरतच नाही. मेपलच्या फांद्या नारिंगी, खाली पडलेला पाचोळा नारिंगी, आणि आदल्या रात्रीच्या पावसाने बुंध्यांना चिकटून बसलेली पानेही नारिंगीच. ज्या कोणी हा रंग निवडला, तो भर जुलैत रंगाचा डबा घेऊन आला असला पाहिजे. एका झाडावर तर मला एकावर एक दोन पट्ट्या स्पष्ट दिसल्या, मी अधिकारवाणीने "वळण!" अशी घोषणा केली, आणि जवळ जाऊन बोट लावले तेव्हा त्यातली वरची पट्टी अलगद सुटून माझ्या हातात आली. तिला देठ होता.

पाचोळ्याचे सौंदर्य छायाचित्रात पाहावे. प्रत्यक्षात तो घोटाभर साचतो आणि त्याखाली मुळे कुठे, धोंडे कुठे, याचा थांगपत्ता लागू देत नाही. मी तीनदा साष्टांग नमस्काराच्या बेतात आलो. दर वेळी एक चिपमंक, आपल्या खारीसारखाच पाठीवर पट्टे मिरवणारा, थांबून बघे. वरून ओकची फळे टपाटप पडत होती. कानटोपीचा उपयोग मला तेव्हा कळला.

तासाभराने उजव्या हाताचे पाणी दिसेनासे झाले आणि बुंध्यांवरच्या पट्ट्या पांढऱ्या झाल्या. जलाशयांच्या याच परिसराला फेरी घालणारी स्कायलाइन नावाची आणखी एक वाट आहे. ती जवळपास ११ किलोमीटरांची असून वाटेतली टेकडी सोडणे तिला कमीपणाचे वाटते. आम्ही तिच्यावर कधी चढलो, हे शेवटपर्यंत समजले नाही. पुतण्या फोन काढून "काका, जवळच आहे" असे दर टेकडीवर म्हणत राहिला. पाणी पुन्हा दिसले तेव्हा ते डाव्या हाताला होते. त्यावर सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, हे अधिक चिंताजनक होते. गावाच्या पिण्याचे पाणी म्हणून त्यात पाय बुडवायलाही मनाई, आणि भज्यांचा तर वासदेखील नाही. एका खडकावर बसून आम्ही पुण्याहून आणलेली बाकरवडी संपवली.

अखेर महामार्गावरच्या वाहनांची घरघर ऐकू आली आणि अंधार पडता पडता आम्ही मेंढवाड्यात शिरलो. मी मोटारीला टेकून उभा होतो, तोच आमच्या मागोमाग एक वयस्क अमेरिकन जोडपे धापा टाकत जंगलातून बाहेर आले आणि माझे हात हातात घेऊन आभार मानू लागले. त्यांनाही म्हणे दुपारपासून खरी पट्टी सापडत नव्हती. ते माझ्या टोपीच्या मागे मागे चालत आले होते.