मे महिन्यातली विहीर कोण मोजणार?

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालू आहे. एका तरुणाने सुचवलं, की हवामान बदलामुळे आपल्या नद्या-विहिरींचं काय होणार याचं तालुक्यापुरतं कॉम्प्युटर मॉडेल करून द्या, अशी मागणी ग्रामपंचायतींनी करावी. त्यावर एका काकांनी लिहिलं, "कॉम्प्युटरला कोकणातला पाऊस काय कळणार? आणि पाऊस वाढणार असं तुम्हीच सांगता ना, मग पाणीही वाढेल. कशाला घाबरवता?" लगेच खाली अंगठ्यांची रांग. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये बसून ते वाचताना मी नुसता चरफडत होतो.

पाऊस वाढला की पाणी वाढतं, हे कोकणातल्या माणसाने म्हणावं? आपल्याकडे वर्षाला 3,000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नेदरलँड्समध्ये जेमतेम 850. तरी मे महिन्यात टँकर येतो तो आमच्या वाडीत.

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर पडलेलं पाणी जांभ्याच्या भोकाभोकांतून झिरपतं, खालच्या चिकणमातीवर अडतं आणि झऱ्यांतून, पऱ्यांतून म्हणजे लहान ओढ्यांतून खाडीला जाऊन मिळतं. जुलैत आमची विहीर तुडुंब असते. भरलेल्या हंड्यात आणखी ओतलं तर बाहेरच सांडणार, तसा जुलैतला जादा पाऊस विहिरीच्या काही कामाचा नाही. मे महिन्यातलं पाणी ठरतं ते पाऊस ऑक्टोबरात किती टिकला, पऱ्या कधी आटला, ऊन किती तापलं आणि आजूबाजूला किती बोअर मारल्या यावर. हवा 1 अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. मग पडतो तो पाऊस धो धो पडतो आणि मुरण्याआधीच वाहून जातो. वर्षाची बेरीज वाढूनही मे कोरडा जाऊ शकतो. मॉडेल हाच हिशेब मांडतं, भविष्य सांगत नाही.

कॉम्प्युटरला काय कळणार, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. जगाच्या हवामानाची मॉडेलं पृथ्वीचे साधारण 100 किलोमीटरचे चौकोन पाडतात. आपल्याकडे समुद्रापासून घाटमाथा त्याच्या निम्म्या अंतरावर. किनारा, सडा, घाट सगळं एकाच चौकोनात येतं आणि ढग अडवणारा सह्याद्रीच त्यात सपाट होतो. म्हणून बारीक चौकोनांचं मॉडेल लावतात, पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडून त्याची चूक काढतात आणि मग तो पाऊस नदीच्या आणि भूजलाच्या मॉडेलात घालतात. या मॉडेलला गेल्या वीस वर्षांची विहीर बरोबर सांगता आली, तरच पुढच्या वीस वर्षांचं विचारायचं. आणि नेमकं इथेच आपल्याकडे वाडीतल्या नोंदी द्यायला नाहीत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, पण वाडीगणिक जांभा वेगळा, उतार वेगळा. राजापूरची गंगा, म्हणजे मधूनच अचानक वाहू लागणारे ते झरे, कधी आली, किती दिवस राहिली, हे आपले जाणते लोक तारखेनिशी सांगतात. त्या 14 कुंडांवर आपली श्रद्धा आहे. पण आपल्याच विहिरीत गेल्या मे महिन्यात किती हात पाणी होतं, ते कोणी लिहून ठेवलंय?

इथे सायकलच्या रस्त्याकडेला पेलबाउस, म्हणजे भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या असतात, त्यांतली पातळी डिनोलोकेट या संकेतस्थळावर कोणीही बघावी. 2021 च्या जुलैत खेउल नदीने इथलं फाल्केनबुर्ग गाव बुडवलं आणि आठवडाभरात वाशिष्ठीने चिपळूण. फाल्केनबुर्गचा तोच पाऊस नेदरलँड्समध्ये दुसरीकडे कोसळला असता तर काय झालं असतं, हे इथल्या लोकांनी मॉडेलवर मांडून पाहिलं. आपण अजून भांडतोय, चिपळूणच्या पुराचा दोष नदीतल्या गाळाचा की कोळकेवाडी धरणाच्या पाण्याचा. गाळ काढल्यावर पूर किती उतरतो, विसर्ग काही तास पुढे ढकलला तर काय, त्यात भरती आली तर काय, हे सगळं मॉडेलला विचारता येतं.

इथले लोक जन्मजात शहाणे आहेत असं नाही. ॲमस्टरडॅमसाठी यांनी वाळूच्या टेकड्यांखालचं गोडं पाणी इतकं उपसलं, की खालून खारं वर चढू लागलं. 1957 पासून नदीचं पाणी आणून ते त्या टेकड्यांत मुरवतात. वाळूत गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असली, तर खाली सुमारे 40 मीटर गोडं पाणी टिकतं. ती थोडी उतरली की खालचं खारं कितीतरी वर येतं. पुळणीलगतच्या माडांच्या बागांत पंप लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

"तिकडे बसून शिकवू नका," असंही ग्रुपवर कोणी म्हणालंच. ते मला लागलं. 2023 च्या मार्चमध्ये मी भारतीय पासपोर्टावर इथल्या वॉटरस्खापच्या, म्हणजे पाण्याचा कारभार बघणाऱ्या स्थानिक मंडळाच्या निवडणुकीत मतदान केलं. इथल्या कालव्यांतलं पाणी किती उंच ठेवायचं यात मला मत आहे. गावच्या पाण्यात नाही. सातबाऱ्यावर नाव आहे, ग्रामसभेत मी नसतो. मला रजा मिळते नाताळात, तेव्हा विहिरीत पाणी असतं. मुंबईचे चाकरमानी गणपतीला येतात, तेव्हा तर ती काठोकाठ. मे महिन्यातली विहीर बघते ती माझी वहिनी. घागर तळाला पोचेना की ती रहाटाच्या दोरीला तुकडा जोडते आणि गाठ मारते.

त्या गाठी कधी कधी मारल्या ते वहीत लिहशील का, असं मी तिला विचारलं. "लिहीन की भावजी, पण तुम्ही तिकडे बसून त्याचं काय करणार?" माझ्या रोजच्या कामात हेच हिशेब असतात, तेव्हा करण्यासारखं पुष्कळ आहे. पण ज्या विहिरीचं पाणी मी पीत नाही तिचा हिशेब मांडायचा मला हक्क आहे का, हे मला अजून सांगता येत नाही.

ग्रुपवर मी इतकंच लिहिलं, की प्रत्येक वाडीने एक विहीर निवडून दर पंधरवड्याला मोजावी, मॉडेल मी करून देईन. काकांना मात्र वेगळा फोन केला. त्यांच्या परसातल्या विहिरीला बारमाही पाणी असतं. सुरुवात तिच्यापासूनच करा, म्हटलं. ती का आटत नाही हे मॉडेलला सांगता आलं नाही, तर बाकीच्या का आटतात हेही त्याला सांगता येणार नाही.