‘कर्ज काढून ॲग्री करा, नोकरी पक्की’: या मेसेजचा हिशेब चुकतोय

बारावीचे निकाल लागले की आमच्या इंदूरच्या मराठी घरांतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. यंदाही आलाच. मजकूर थोडक्यात असा: ‘शेतीला मरण नाही, तेव्हा नोकरी पक्की. पीएटीत (सरकारी कृषी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेत) नंबर लागला नाही तरी कर्ज काढून खासगी कॉलेजात घाला. हप्ता नोकरी लागल्यावरच सुरू होतो, व्याज सरकार भरतं. ॲग्री, बॉटनी, बायोटेक, काहीही घ्या, सगळं एकच.’

मी इथल्याच कृषी महाविद्यालयातून बीएस्सी केलं आणि आता बँकेत कृषी अधिकारी आहे. पीक कर्जाबरोबर शैक्षणिक कर्जाच्या फायलीही माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

आधी हप्त्याचं बघू, कारण घरं तिथेच बुडतात. हप्ता नोकरीची वाट बघत नाही. शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाची सूट मिळते आणि मग तो सुरू होतो, नोकरी असो वा नसो. व्याज तर पहिली फी भरली त्या दिवसापासून चढतं. मध्यंतरी सुदामा नगरातले एक काका मुलीसाठी फाइल घेऊन आले होते. फी-पत्रकातल्या ‘शिक्षण शुल्क’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “मॅडम, एवढंच तर आहे.” त्याखाली बारीक अक्षरांत हॉस्टेल, मेस, परीक्षा, शैक्षणिक सहल अशा ओळी होत्या. सगळं धरून वर्षाचे २ लाख झाले.

मग आम्ही कागदावर मांडलं. चार वर्षांचे ८ लाख, व्याज १० टक्के धरलं. पहिल्या वर्षीच्या २ लाखांवर पाच वर्षांचं सरळव्याज १ लाख, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर ८० हजार, मग ६०, मग ४०. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर १० लाख ८० हजार. ते १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १४,३०० रुपये. काकांनी मोबाइलवर दोनदा करून पाहिलं. मुलीला बियाणे कंपनीत काम मिळालं आणि हातात समजा २२ हजार पडले, तर उरले ७,७००. त्यात खरगोनला खोली, जेवण आणि गावोगाव फिरायचं पेट्रोल कसं बसवायचं? तेच सरकारी कॉलेजात वर्षाला ५० हजारांचंच कर्ज लागलं, तर हप्ता ३,६०० च्या आत येतो. पदवी तीच, मुलगी तीच. पहिल्या पगाराच्या पाव हिश्शाहून मोठा हप्ता होणार असेल तर सही करू नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

‘व्याज सरकार भरतं’ हेही अर्धवट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे, तीही हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळासाठी आणि फक्त यादीतल्या संस्थांसाठी. आपलं कॉलेज यादीत आहे का, हे प्रवेशाआधी पाहायचं.

आता ‘सगळं एकच’. या एका वाक्यानं मुलांची वर्षंच्या वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. ज्या परीक्षेतून मी बँकेत आले, त्या आयबीपीएसच्या (सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) कृषी अधिकारी पदाला शेती, उद्यानविद्या, वानिकी अशा ठरावीक विषयांची चार वर्षांची पदवी लागते. साधी बॉटनीची बीएस्सी तिथे चालत नाही. याचा अर्थ बॉटनी वाईट असा मुळीच नाही. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी बॉटनीची पदवीही चालते, आणि एमएस्सीनंतर लाइफ सायन्सेसची नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. पण या वाटा वेगवेगळ्या आहेत, त्यांना लागणारी वर्षंही वेगळी, हे मुलाला अठराव्या वर्षीच कळायला हवं. खासगी कॉलेज असेल तर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) मान्यता आहे का, हे कागदावर लिहून मागा.

राहिलं ‘शेतीला मरण नाही’. हे मला मनापासून पटतं. याच इंदुरात १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली आणि ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ इथे बसवली. त्याच आवारात आम्ही सोयाबीनची रोपं उपटून मुळांवरच्या गाठी नखानं चिरायचो. आत गुलाबी दिसलं की हवेतलं नत्र बांधलं जातंय, हिरवट-करडं दिसलं की गाठ निकामी. तो गुलाबी रंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा याच विषयात राहायचं हे माझं ठरलं. आज सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इथे आहे, पुसा तेजस गहू इथल्याच केंद्रातला. पण तिथे शास्त्रज्ञ व्हायचं तर बीएस्सीनंतर एमएस्सी, मग पीएचडी. एवढी वर्षं बीएस्सीचं कर्ज मागे लागलेलं असेल तर हुशार मुलगीसुद्धा एमएस्सी सोडून मिळेल ती नोकरी धरते. ज्यांना संशोधनाची खरी ओढ आहे, त्यांनीच पहिली पदवी सगळ्यांत स्वस्तात करावी, असं मी म्हणते ते यासाठी.

काकांची मुलगी आता पुन्हा पीएटीची तयारी करतेय. एक वर्ष गेलं म्हणून घरात धुसफूस आहे, ती मला समजते. पण त्या वर्षाच्या बदल्यात सरकारी कॉलेज मिळालं तर दहा वर्षं महिन्याला १०,७०० रुपये वाचणार आहेत, हा आकडा मी काकांना फी-पत्रकाच्या मागेच लिहून दिला. तुमच्या घरी असा निर्णय अडला असेल तर संध्याकाळी लोकमान्य नगरला या, मिळून हिशेब करू. येताना फी-पत्रक मात्र पूर्ण आणा, बारीक अक्षरांच्या पानासकट.