पॉलिकार्प, वालेन्स आणि दानाची थैली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

पॉलिकार्पच्या पत्रातून मंडळीच्या दानाबद्दल धडे घेणाऱ्या माझ्या लेखावर प्रतिक्रिया तळमळीने लिहिली आहे तुम्ही, तेव्हा उत्तरही सविस्तर द्यायला हवं. तुमचं म्हणणं असं : दुसऱ्या शतकातल्या पॉलिकार्पने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) नाही, मग आपल्या मंडळीने, म्हणजे चर्चने, त्यातून धडे का घ्यावेत? आणि वालेन्स, म्हणजे फिलिप्पैच्या मंडळीतला एक ‘वडील’ (मंडळीचा पुढारी), त्याच्याबद्दलचा भाग म्हणजे पैसे खाणाऱ्याला पाठीशी घालणं. आपल्याकडे खजिनदाराने घोळ घातला की आधीच ‘जाऊ दे, आपलाच माणूस’ म्हणून मिटवतात, त्यात या लेखाने भर पडते. प्रेषित पौलाने तर दुष्टाला आपल्यातून घालवून द्या म्हटलं आहे (१ करिंथ ५:१३).

पहिल्या मुद्द्यावर आपलं भांडणच नाही. पत्र शास्त्रात नाही आणि खुद्द पॉलिकार्पलाही तसा दावा करायचा नव्हता. तिसऱ्या अध्यायात तो स्पष्ट लिहितो की पौलाच्या ज्ञानाची बरोबरी मला किंवा माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाला जमणार नाही. तो स्मुर्णा इथला बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. फिलिप्पैकरांनी विचारलं म्हणून त्याने हे पत्र लिहिलं. अंत्युखियाचा बिशप इग्नाटियस याला कैदी म्हणून रोमकडे नेल्यानंतरच्या काळातलं, साधारण ११० ते १३५ च्या दरम्यानचं. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोम हा ख्रिस्ती विद्वान नोंदवतो की आशियातल्या मंडळ्यांत ते तेव्हाही वाचलं जात होतं. शास्त्राच्या खाली ठेवून, शास्त्राशी ताडून वाचावं, एवढंच.

आता वालेन्स. अकरावा अध्याय मूळ ग्रीकमध्ये उरलेला नाही, लॅटिन भाषांतरातच मिळतो. त्यामुळे एकेका शब्दावर मोठी इमारत उभी करू नये. पण जे आहे ते पुरेसं स्पष्ट आहे. वालेन्स हा ‘पूर्वी तुमच्यात वडील नेमलेला’ असा येतो. त्याने नक्की काय केलं हे पॉलिकार्प सांगत नाही. लगेच द्रव्यलोभापासून दूर राहा असा इशारा येतो, त्यावरून प्रकरण पैशाचं होतं हे कळतं. त्या ‘पूर्वी’कडे नीट बघा. आता तो वडील नाही. पुढे पॉलिकार्प विचारतो, ज्याला स्वतःला आवरता येत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार? यात पाठीशी घालणं कुठे आहे?

सौम्यता येते ती यानंतर. वालेन्स आणि त्याची बायको, दोघांसाठीही मला फार दुःख होतं, प्रभू त्यांना खरा पश्चात्ताप देवो, असं तो म्हणतो. मग सांगतो की त्यांना शत्रू समजू नका, आजारी आणि भरकटलेले अवयव समजून परत आणा, म्हणजे सगळं शरीर वाचेल. यातलं ‘शत्रू समजू नका’ हे पौलाचंच, २ थेस्सल ३:१५. आणि तुम्ही पहिल्या करिंथकर पत्राचा दाखला दिलात, तर दुसऱ्यातलं २:६-८ सुद्धा सोबत वाचा. तिथे पौल म्हणतो की बहुतेकांनी केलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. शिक्षा झाली, मगच क्षमा आली. आपल्याकडे शिक्षाही होत नाही आणि क्षमाही होत नाही. प्रकरण दाबलं जातं आणि त्या घराशी बोलणं बंद होतं. माझा राग आहे तो यावर.

म्हणून थैलीच्या बाबतीत तुमच्याइतकंच कडक राहावं असं माझं मत आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेली मोठी रक्कम पौलाने एकट्याने नेली नाही. तीत नावाचा सहकारी आणि मंडळ्यांनी निवडलेले भाऊ सोबत घेतले, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). प्रेषिताला साक्षीदार लागले, तर आपल्या खजिनदाराला का नकोत?

उपासना संपली की थैली तिथेच टेबलावर रिकामी करावी. मोजायला तिघे, आणि त्यात एका घरातले दोघे नकोत. किती पाचशेच्या, किती शंभराच्या, चिल्लर किती, असं चिठ्ठीवर लिहून तिघांनी सह्या कराव्यात. त्यानंतरच रक्कम खजिनदाराच्या हातात. सोमवारी बँकेत भरणा, आणि भरणा-पावतीचं अर्धुक त्याच चिठ्ठीला टाचलेलं. दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या दानाची) रिकामी पाकिटं वर्षाचा हिशेब मंजूर होईपर्यंत ठेवावीत. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा; खजिनदाराच्या मोबाईल नंबराला जोडलेला कोड लावला की त्याच्या घरखर्चात आणि दानात फरकच राहत नाही. आणि महिन्याचा हिशेब फलकावर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही. आपल्या कितीतरी मंडळ्यांत दोन्ही भाषांची माणसं एकाच बाकावर बसतात.

बहुतेक घोळ चोरीने सुरू होत नाहीत. थैलीतूनच परस्पर वीजबिल भरलं, रंगाऱ्याला उचल दिली, पाहुण्या पाळकांना प्रवासखर्च दिला. जमाही नोंदली नाही आणि खर्चही नाही. सहा महिन्यांनी स्वतः खजिनदारालाच आठवत नाही. यासाठी आलेलं सगळं दान आधी बँकेत जावं. किरकोळ खर्चाला समजा २,००० रुपये वेगळे द्यावेत आणि व्हाउचर दाखवल्यावरच ते पुन्हा भरून द्यावेत.

सुगीच्या सणाला दान आलेल्या वस्तूंचा लिलाव ही तर वेगळीच डोकेदुखी. तांदूळ, रताळी, गुळाची ढेप, एखादी कोंबडी. उत्साहात बोली चढते, ढेप हजाराला जाते, पैसे मात्र ‘पुढच्या रविवारी’. लिलावाची बेरीज त्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर होते, प्रत्यक्षात जमा होणारी रक्कम मात्र त्याहून कमी असते, आणि संशय येतो खजिनदारावर. वहीत नाव, वस्तू, बोली, जमा आणि बाकी असे पाच रकाने असावेत, जाहीर करताना फक्त जमेचा आकडा सांगावा. सहाव्या अध्यायात पॉलिकार्प वडिलांना बजावतो की कोणाविरुद्धचं वाईट चटकन खरं मानू नका, निवाड्यात कठोर होऊ नका. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नाव टाकण्याआधी हे पाच रकाने तपासले, तर कितीतरी प्रामाणिक माणसांची बेअब्रू टळेल.

आणि खरंच पैसे खाल्ले असतील तर? वही, पावत्या आणि बँकेचं पासबुक दोघांनी त्याच्या समोर बसून जुळवावं, रक्कम कागदावर यावी, त्याची सही घ्यावी. पद त्याच दिवशी काढावं, वरच्या कार्यालयाला लेखी कळवावं. परतफेडीला जुन्या करारातल्या लेवीय ६:५ चा नियम आहे : मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. ३०,००० असतील तर ३६,०००, महिना ३,००० प्रमाणे वर्षभरात, थेट मंडळीच्या खात्यात. उपासनेत एकदाच, थोडक्यात, काय आढळलं आणि काय ठरलं ते सांगावं. मुलाबाळांचा उल्लेखही नको. रक्कम फिटली तरी थैली पुन्हा त्या हातात देऊ नये, त्याच्या मनाला मोह नको म्हणूनसुद्धा. मंडळीची जमीन परस्पर विकण्यापर्यंत मजल गेली असेल, तर ते प्रकरण कमिटीच्या बैठकीचं राहत नाही. तिथे पोलीस आणि कोर्ट.

पण पद गेल्याच्या आठवड्यात पाळक आणि एका वडिलांनी त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करावी. त्याच्या घरातलं लग्न, आजारपण, मयत, यात मंडळी नेहमीसारखी उभी राहावी. मुलं संडे स्कूलला येत राहावीत. पॉलिकार्पने बायकोचाही उल्लेख केला, कारण अशा वेळी कोसळतं ते सगळं घर.

तुमच्या मंडळीतल्या प्रकरणाचा तुम्ही ओझरता उल्लेख केलात. तिथे रक्कम कागदावर आली आहे का, आणि आली असेल तर तिच्यावर सही कोणाकोणाची आहे, तेवढं कळवा. पुढचं त्यावर ठरेल.