तीस मिनिटं कोणी लिहिली?

भांडं किंवा पाइप पाण्याने भरून, दाब देऊन तपासतात, ती हायड्रोटेस्ट; तो दाब धरून ठेवणं म्हणजे होल्ड. तिच्याबद्दल क्वालिटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘एएसएमईप्रमाणे कुठलीही हायड्रोटेस्ट किमान ३० मिनिटं होल्ड करणं बंधनकारक. काटा हलला नाही की जॉब पास. होल्ड जितका जास्त, तितका जॉब सुरक्षित.’ तीन वाक्यं, तिन्ही चूक.

एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेचा प्रेशर व्हेसलचा (दाबाखालच्या भांड्यांचा) कोड, सेक्शन ८ डिव्हिजन १, यातलं यूजी-९९ हे कलम उघडा. दाब एमएडब्ल्यूपीच्या (भांड्याला चालणाऱ्या कमाल दाबाच्या) १.३ पट, त्याला गुणिले स्ट्रेस रेशो (टेस्टच्या आणि डिझाइनच्या तापमानाला धातूला चालणाऱ्या ताणांचं गुणोत्तर). मिनिटं मात्र कुठेच नाहीत. टेस्ट प्रेशर दिल्यावर सगळे जॉइंट तपासा आणि तपासताना दाब टेस्ट प्रेशर भागिले १.३ याच्या खाली नको, एवढंच म्हटलंय. एएसएमईच्याच पाइपिंगच्या कोडमध्ये, बी३१.३ मध्ये, वेळ आहे, पण किमान १० मिनिटं. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) चं व्हॉल्व्ह-टेस्टचं स्टँडर्ड ५९८ दोन इंची व्हॉल्व्हच्या बॉडीला १५ सेकंदांत सोडतं. तीस मिनिटं आहेत ती एपीआय ६१० मध्ये, पंपाच्या केसिंगला (बाहेरच्या कवचाला). क्यूएपीत (जॉबच्या क्वालिटी प्लॅनमध्ये) ग्राहकाने ३० लिहिली असतील तर ३० धराच, पण ती अट ग्राहकाची.

प्रेशर गेजच्या काट्याचं वाक्य जास्त घातक. पाच हजार लिटरचं भांडं पूर्ण भरलेलं असेल तर एक बार उतरायला साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी बाहेर यावं लागतं. मिनिटाला एक थेंब धरला तर अर्ध्या तासात चमचाभरही होत नाही. वर कुठे हवा अडकलेली असेल तर काटा आणखीच आळशी. एका शॉपमध्ये सगळे गेजचे फोटो काढत होते, काटा ठाम. नोझलभोवतीच्या (पाइप जोडायच्या तोंडाभोवतीच्या) मजबुतीच्या पॅडला आतली गळती कळावी म्हणून ठेवलेलं छोटं भोक, टेल-टेल होल, बोटाने पुसलं, दोन मिनिटांनी तिथे पुन्हा थेंब उभा. आतला वेल्ड पाझरत होता.

राहिला जास्त होल्ड. गार पाण्याच्या टेस्टमध्ये साधं पोलाद वाकायचं असेल तर दाब चढतानाच वाकतं, तासभर विचार करत नाही. लांब होल्ड लागतो तो डोळा पोचत नाही तिथे. अमेरिकेच्या नियमात तेलाच्या पाइपलाइनला ४ तास आहेत, आणि गळती डोळ्यांनी दिसण्यासारखी नसेल तर थोड्या कमी दाबावर आणखी ४.

उघड्या यार्डात लांब होल्ड उलट अंगावर येतो. ठासून भरलेल्या, बंद पाण्याचं तापमान एक अंश वाढलं की दाब दोन-तीन बार चढू शकतो. सकाळी लावलेल्या टेस्टवर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह नसेल, तर अकरा वाजता भांड्यात किती दाब असेल हे ऊन ठरवतं.